बंदूक कुणाची, कायदा कुणाचा
(एका अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला विषय दिला तो असा : 'अमेरिकेतील शस्त्रस्वातंत्र्याचा वाद'. वर बजावलं, जरा सोपं करून बोल. मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो, पाळी सुटली की वाचतो, कविता करतो. जड ते खांद्यावर घ्यायची सवय आहे, जिभेवर नाही. तेव्हा सोपंच होणार.

पण हा अमेरिकेचा विषय आपल्यात का निघाला ते आधी सांगतो. नाहीतर म्हणाल, बोटी बघून बघून ह्याला परदेश लागला. कुठल्यातरी गावात आपल्या वस्तीवर हल्ला होतो. आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, साहेब ते घेऊन फायलीत घालतो. परत येताना लोकलच्या दारात कुणीतरी दातओठ खात बोलतो, निवेदनानं काय झाट होत नाही, घरटी एक बंदूक पाहिजे. अमेरिकेतल्या पँथरांनी घेतली होती की नाही? १९७२ साली मुंबईत ज्यांनी स्वतःला पँथर म्हटलं त्यांनी नाव तिथूनच घेतलं की नाही?

घेतलं. नाव तिथूनच घेतलं. पण त्या नावामागची बंदूक तिथं कुणाला वाचवून गेली आणि कुणाला खाऊन गेली, हा हिशेब आपण मांडलेला नाही. तो मी आज मांडणार. जमा आणि खर्च, दोन्ही. नुसती जमेची बाजू वाचून दाखवणारा मुनीम कुणाचा असतो ते तुम्हाला माहीत आहे.

एक सांगून ठेवतो. वर्तमानपत्रं त्यांना 'कृष्णवर्णीय' लिहितात. एवढा सोवळा शब्द उच्चारायला मला पाणी प्यावं लागतं. ते स्वतःला ब्लॅक म्हणतात, मी काळे म्हणणार.

तर अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त. स्मॉल आर्म्स सर्व्हे ह्या संस्थेनं २०१८ साली मोजदाद छापली, त्यात तिथल्या नागरिकांच्या हातात ३९ कोटी ३० लाख बंदुका. दर शंभर माणसांमागं १२०. आपल्याकडं शंभरामागं पाच. तिथले एक म्हणतात, पोलीस येईपर्यंत चोर जीव घेईल, म्हणून बंदूक माझा हक्क, संविधानात लिहिलाय. १७९१ ची दुसरी दुरुस्ती ती. दुसरे म्हणतात, ह्याच बंदुका शाळेतली पोरं मारतात, आवरा. टीव्हीवर बघितलं तर वाटतं दोन गोऱ्यांचं घरगुती भांडण चाललंय. भांडणाच्या तळाशी काळा माणूस पडलाय, तो कॅमेऱ्यात येत नाही.

हक्क 'लोकांचा' लिहिला. लोक कोण? गुलाम लोकांत नव्हता. १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश टॅनीनं निकाल दिला की काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही, आणि का नाही त्याची कारणं देताना एक कारण हे दिलं, की ह्यांना नागरिक मानलं तर हे जातील तिथं हत्यार बाळगू शकतील! म्हणजे बंदुकीचा हक्क द्यावा लागेल म्हणून माणूसपण नाकारलं. आपल्याकडच्या स्मृतिकारांना हे वाचून स्वतःचाच पुतण्या भेटल्याचा आनंद झाला असता.

मग यादवी युद्ध झालं, गुलामी गेली. १८६५ चीच गोष्ट : मिसिसिपी राज्यानं लगेच कायदा केला की परवान्याशिवाय काळ्यानं बंदूक, काडतूस, मोठा सुरा काही ठेवायचं नाही. परवाना देणारे कोण? गोरे. बंदूकबंदीच्या तिथल्या इतिहासातलं हे पान बंदूकबंदीवाले सहसा वाचून दाखवत नाहीत.

आणि बंदूक घेतली तर? १३ एप्रिल १८७३, लुइझियानातलं कोलफॅक्स गाव. निवडणुकीचा तंटा. काळ्यांनी बंदुका घेऊन कचेरीची इमारत धरून ठेवली. गोऱ्यांची टोळी तोफ घेऊन आली, इमारत पेटवली. शरण आलेल्यांना नंतर गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा कुणी साठ देतो, कुणी दीडशे. काळ्यांचं मढं नीट मोजायचीही तिथं पद्धत नव्हती. गोरे मेले तीन. तिघांना शिक्षा झाली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८७६ च्या क्रुइकशँक निकालात तेही सुटले. न्यायालय म्हणालं, दुसरी दुरुस्ती फक्त केंद्र सरकारला बांधते. एका खाजगी माणसानं दुसऱ्याचं हत्यार हिसकावलं तर त्यात आम्ही काय करणार!

हे एवढं लांबण का लावलं? कारण काळ्यांना बंदूक माहीत नव्हती म्हणून ते मार खात होते, असं समजणारे आपल्यात आहेत. बंदूक त्यांच्याकडं पहिल्यापासून होती. शेतात होती, युद्धातून परतलेल्यांकडं होती. बंदुकीच्या मागं उभं राहणारं कोर्ट नव्हतं.

आता जमेची बाजू. ती खरी आहे आणि ती कुणी लपवू नये.

१८९२ साली मेंफिस शहरात काळ्यांचं एक किराणा दुकान चांगलं चालायला लागलं. समोरच्या गोऱ्या दुकानदाराच्या पोटात दुखलं. हल्ला आला, दुकानवाल्यांनी गोळ्या झाडून परतवला. मग त्यांना अटक झाली, आणि तिघांना तुरुंगातून काढून मारलं. त्यांची मैत्रीण आयडा वेल्स, पत्रकार बाई. तिनं पिस्तूल घेतलं, आणि लिहून गेली की प्रत्येक काळ्याच्या घरात रायफलीला मानाची जागा पाहिजे. पण तिनं दुसरंही एक सांगितलं, ते आपली पोरं विसरतात : शहर सोडा. हजारो काळ्यांनी मेंफिस सोडलं, ट्राम रिकाम्या धावल्या, कंपनीची माणसं विनवण्या करत तिच्या कचेरीत आली. रायफलीनं जे झालं नाही ते रिकाम्या ट्रामनं केलं.

१९५७, मन्रो गाव, नॉर्थ कॅरोलायना. रॉबर्ट विल्यम्स, लष्करातून परत आलेला, काळ्यांच्या संघटनेचा स्थानिक अध्यक्ष. ह्या पठ्ठ्यानं गोऱ्यांच्या नॅशनल रायफल असोसिएशनचीच रीतसर सनद घेतली आणि रायफल क्लब काढला. ऑक्टोबरात क्लू क्लक्स क्लानवाले गाड्यांचा ताफा घेऊन डॉक्टर पेरी यांच्या घरावर चालून आले. विल्यम्सची माणसं वाळूच्या पोत्यांमागं बसलेली. गोळ्या सुटल्या, क्लानवाले गाड्या वळवून पळाले. आणि मग गावच्या नगरपालिकेला जाग आली. क्लानच्या मोटार-मिरवणुकांवर बंदी! काळ्यांनी अर्ज करून जी बंदी मिळाली नव्हती ती एका रात्रीत मिळाली. पुढं विल्यम्सला देश सोडून क्यूबाला जावं लागलं, ते १९६१ साली.

आणि बोगालुसा. हे माझ्या आवडीचं, कारण ही कामगारांची गोष्ट आहे. लुइझियानात बोगालुसा नावाचं गिरणीगाव, कागदाची मोठी गिरणी, क्लानचा बालेकिल्ला. आधी १९६४ साली जोन्सबरो गावात 'डीकन्स फॉर डिफेन्स' नावाची संघटना निघाली, तिची शाखा १९६५ मध्ये बोगालुसात. माणसं कोण? गिरणी कामगार, दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात लढून आलेले बापय. पाळी करून यायचे, जेवायचे आणि रात्री वस्तीत गस्त. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांच्या दारात पहारा. हातात बंदूक, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. आधी गोळी झाडायची नाही, मोर्चा पुढं, आपण मागं. त्याच उन्हाळ्यात केंद्र सरकारला हलावं लागलं. क्लानवर आणि गावच्या पोलिसांवर खटले भरले, संघराज्याच्या न्यायाधीशानं पोलिसांना हुकूम दिला की मोर्चेवाल्यांचं रक्षण करा.

ह्यात बारकावा आहे, तो नीट बघा. डीकन्सच्या बंदुकांनी क्लान संपवला नाही. त्यांनी काळाच्या तोंडातून थोडे दिवस काढले, आणि दिल्लीला, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनला, लाज आणली. गावचा पोलीस क्लानचा होता, पण त्याच्या डोक्यावर एक सरकार होतं जे मतांपायी, जगातल्या अब्रूपायी हलवता येत होतं. बंदूक चालली ती ह्या फटीत. आणि त्याच भागात, त्याच वर्षी २ जूनला, ओनील मूर नावाच्या काळ्या डेप्युटी शेरिफला गाडीत गोळ्या घातल्या. त्याच्याकडं सरकारी बंदूक होती, छातीवर सरकारी बिल्ला होता. कुणाला शिक्षा झाली नाही.

आता ओकलंड.

ओकलंड हे बंदर. महायुद्धात जहाजं बांधायला, गोदीत राबायला दक्षिणेतून काळी माणसं आली, वस्त्या वाढल्या, युद्ध संपलं, कामं गेली, माणसं राहिली. गोदीवाल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ह्यूई न्यूटन असाच लुइझियानातून आलेल्या घरातला. त्यानं आणि बॉबी सीलनं ऑक्टोबर १९६६ मध्ये पक्ष काढला. पूर्ण नाव वाचा : 'ब्लॅक पँथर पार्टी फॉर सेल्फ-डिफेन्स'. स्वसंरक्षण हा शब्द नावातच. माओच्या लाल पुस्तकाच्या प्रती बर्कलीच्या विद्यार्थ्यांना विकून पहिल्या शॉटगन घेतल्या, असं सील सांगतो. उच्चवर्गीय क्रांतिकारकांचा ह्याहून चांगला उपयोग मी तरी वाचलेला नाही.

कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघडपणे घेऊन रस्त्यानं फिरणं कायदेशीर होतं. न्यूटननं कायदा वाचलेला. पोलिसांनी काळ्या पोराला अडवलं की पँथरांची गाडी थांबायची, कायद्यानं ठरलेलं अंतर राखून उभं राहायचं, बंदूक दिसेल अशी आणि कायद्याचं पुस्तक उघडं. कलम मोठ्यानं वाचायचं. विचार करा, पोलिसाच्या तोंडावर काळा पोरगा कलम वाचतोय! मला त्या चित्रातली बंदूक जेवढी आवडते त्याच्या दुप्पट ते पुस्तक आवडतं.

मग काय झालं? डॉन मलफर्ड नावाच्या आमदारानं विधेयक आणलं : भरलेली बंदूक घेऊन फिरायला बंदी. विरोध करायला २ मे १९६७ रोजी तीस पँथर, त्यात सहा बाया, बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. फोटो जगभर गेला. आणि विधेयक झपाट्यानं पास झालं. सही कुणाची? गव्हर्नर रोनाल्ड रेगन. पाठिंबा कुणाचा? नॅशनल रायफल असोसिएशनचा. होय, तीच, जी आज एका बंदुकीला हात लावू देत नाही. तोच रेगन, ज्याला १९८० साली अध्यक्षपदासाठी ह्याच असोसिएशननं पाठिंबा दिला. गोऱ्याच्या खांद्यावर होती तोवर बंदूक संविधान होती, काळ्याच्या खांद्यावर आली आणि शांतताभंग झाली.

इथून खर्चाची बाजू सुरू होते.

६ एप्रिल १९६८, किंगच्या खुनानंतर दोन दिवसांनी, बॉबी हटन, पँथरांचा पहिला भरती झालेला पोरगा, वय १७, ओकलंड पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. पँथर म्हणत राहिले, हात वर करून बाहेर आला होता. ४ डिसेंबर १९६९, शिकागो : फ्रेड हॅम्प्टन, वय २१, पहाटे बिछान्यात. पोलिसांनी ऐंशी-नव्वद गोळ्या झाडल्या, पँथरांच्या बाजूनं सुटली एक. घराचा नकाशा एफबीआयला कुणी दिला? ओनील नावाच्या खबऱ्यानं. आणि हा ओनील पक्षात काय होता? सुरक्षेचा प्रमुख. बंदुकांच्या किल्ल्या ज्याच्याकडं तोच सरकारचा माणूस. हे वाक्य घरी जाऊन पुन्हा आठवा. जिथं बंदूक येते तिथं गुपित येतं, गुपित आलं की संशय येतो, आणि संशयात खबऱ्याची शेती पिकते. जानेवारी १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात दोन पँथर मेले ते दुसऱ्या काळ्या संघटनेच्या गोळीनं. दोघांमध्ये आग लावायला एफबीआय खोटी पत्रं आणि चित्रं पाठवत होती, ते पुढं उघड झालं.

त्याच जानेवारीत ओकलंडच्या एका चर्चमध्ये पँथरांनी शाळकरी पोरांना सकाळची न्याहारी फुकट द्यायला सुरुवात केली. एफबीआयच्या हूवरनं त्या वर्षी आपल्या माणसांना लिहून कळवलं की पँथरांचं सगळ्यात वजनदार काम ही न्याहारी आहे आणि त्यांना मोडून काढण्यात मोठी अडचण हीच होऊ शकते. बंदूकवाल्या पँथरला गोळी घालता येत होती. न्याहारीला काय घालणार?

आणि शेवट. २२ ऑगस्ट १९८९. ह्यूई न्यूटन पहाटे पश्चिम ओकलंडच्या रस्त्यावर मेला. पोलिसाच्या गोळीनं नव्हे. त्याच वस्तीतल्या, गर्द विकणाऱ्या एका काळ्या पोराच्या गोळीनं. ज्या रस्त्यांवर त्यानं पुस्तक उघडून कलम वाचलं होतं त्या रस्त्यांवर आता बंदूक होती, पुस्तक नव्हतं.

ह्या मरणाकडं बघून मला जे दिसतं ते कडू आहे. संघटना मोडली तरी बंदूक वस्तीत राहते. ती वितळत नाही. ती पोटापाण्याच्या, पोरीबाळीच्या, गल्लीच्या भांडणात उतरते. आमच्या कामात हूक हातात असतो. भांडण झालं की माणूस आधी शिवी देत नाही, त्याचा हात आधी हुकाकडं जातो. माल ओढायला दिलेली वस्तू, पण हात तिचं ऐकतो.

आकडे घ्या. २०२१ साली अमेरिकेत गोळीनं ४८,८३० माणसं मेली. त्यातली २६,३२८ स्वतःच्या हातानं, म्हणजे निम्म्याहून जास्त आत्महत्या. २०,९५८ खून. काळे लोक तिथं शंभरात तेरा-चौदा. पण गोळीनं खून झालेल्यांत निम्म्याहून जास्त काळे. २०२० साली असं झालं की एक ते एकोणीस वयाच्या पोरांच्या मरणाचं पहिलं कारण गोळी, मोटार अपघात मागं पडले. चोरासाठी घेतलेली बंदूक चोराला क्वचित भेटते, घरातल्या माणसाला रोज भेटते.

बंदूकवाले म्हणतात, पण वाचलेले मोजा ना. १९९५ साली गॅरी क्लेक नावाच्या प्राध्यापकानं फोनवरच्या पाहणीतून आकडा काढला, वर्षाला २५ लाख वेळा लोक बंदुकीनं स्वतःला वाचवतात. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीत तोच आकडा लाखाच्या आतबाहेर येतो. पंचवीस पटीचा फरक! कारण सोपं आहे, भांडणातला प्रत्येक जण म्हणतो मी स्वतःला वाचवत होतो. मला लाखाचा आकडाही कमी वाटत नाही, त्यात खरी माणसं वाचली असणार. पण त्या लाखासाठी जे मढ्यांचं बिल येतं ते कुणाच्या वस्तीवर फाडलं जातं, हे आत्ताच सांगितलं.

इथं मैत्रिणी बसल्यात, त्यांच्यासाठी एक. घरात मारझोड करणाऱ्या नवऱ्याच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून व्हायचा धोका सुमारे पाचपट, हे जॅकलिन कँपबेल आणि तिच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून २००३ साली पुढं आलं. घरटी बंदूक म्हणणाऱ्या आमच्या मर्दांना मी विचारतो, दहा बाय दहाच्या खोलीत ती ठेवणार कुठं? आणि शनिवारी रात्री पिऊन आल्यावर ती कुणाकडं वळणार? जातीयवादी तर गावाला असतो, बायको समोर असते.

बरं, कायदेशीर बंदूक घेतली, परवाना खिशात. तरी काय? फिलांडो कॅस्टिल, शाळेच्या जेवणघरात काम करणारा, ६ जुलै २०१६, मिनेसोटा. पोलिसानं गाडी थांबवली. ह्यानं सरळपणे सांगितलं, साहेब, माझ्याकडं बंदूक आहे. काही क्षणांत पोलिसानं गोळ्या घातल्या. गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची पोर. २०१७ मध्ये पोलीस निर्दोष. मरिसा अलेक्झांडर, फ्लोरिडा, २०१० : मारहाण करणाऱ्या नवऱ्याला भ्या दाखवायला तिनं एक गोळी झाडली, कुणाला लागली नाही. वीस वर्षांची शिक्षा. पुढं अपिलात ती उलटली आणि बाई २०१५ मध्ये तुरुंगातून सुटली. त्याच फ्लोरिडात २०१२ साली हातात बंदूक नसलेल्या ट्रेव्हॉन मार्टिन ह्या १७ वर्षांच्या पोराला गोळी घालणारा झिमरमन, स्वसंरक्षण म्हणून निर्दोष. सुटणाऱ्या गोळीला रंग नसतो. कोर्टात पोचल्यावर तिला रंग येतो.

मग तुम्ही म्हणाल, ठरलं, बंदूकबंदी चांगली. थांबा. ओटिस मॅकडोनाल्ड, शिकागोतला सत्तरी ओलांडलेला काळा म्हातारा, घर फोडून फोडून चोरांनी जेरीस आणलेला. शहरात पिस्तुलावर बंदी. तो कोर्टात गेला आणि २०१० साली जिंकला. न्यायाधीश क्लॅरन्स थॉमस, तोही काळा, आणि उजवा, त्यानं आपल्या निकालपत्रात कोलफॅक्स काढलं, क्रुइकशँक काढला. २०२२ साली न्यू यॉर्कच्या परवान्याच्या जुन्या कायद्यातली खास कारणाची अट पाडली, तेव्हा गरिबांचे सरकारी वकील बंदूकवाल्यांच्या बाजूनं उभे राहिले, कारण विनापरवाना बंदुकीच्या गुन्ह्यात त्यांच्याकडं येणारे आरोपी जवळजवळ सगळे काळे आणि लॅटिनो. बंदूक खुली, तरी मरतो काळा. बंद, तरी तुरुंगात काळा. आणि दुसऱ्या बाजूला लूसी मॅकबाथ, काळी आई. २०१२ साली गाडीत गाणी मोठ्यानं लावली म्हणून तिच्या सतरा वर्षांच्या पोराला गोळी घातली. ती २०१८ मध्ये निवडून संसदेत गेली, बंदुकीवर लगाम हाच मुद्दा घेऊन. म्हातारा खोटा नाही, आईही खोटी नाही. मला विचाराल तर मी आईच्या बाजूला उभा राहीन, पण म्हाताऱ्याच्या दाराला कुलूप कोण लावून देणार हे आधी सांगावं लागेल.

ओकलंडनंच त्याचं थोडं उत्तर काढलं. २०१२ नंतर तिथं 'सीझफायर' नावाचं काम नव्यानं उभं केलं. गोळी झाडण्याची किंवा खाण्याची शक्यता असलेली मोजकी पोरं शोधायची, वस्तीतलीच माणसं त्यांच्याकडं पाठवायची, बसवून बोलायचं, काम बघून द्यायचं. २०१८ पर्यंत गोळीबार जवळजवळ निम्म्यावर आला. मग शहरानं हात आखडला, आकडे पुन्हा चढले. मला हे पँथरांच्या न्याहारीचंच पुढचं पान वाटतं.

आता घरी येऊ.

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला, देशी माणसाला परवाना लागणार, गोऱ्याला सूट. आपल्या बापजाद्यांचं हत्यार तर त्याही आधीच्या कायद्यानं, मनूच्या, काढलेलं. लष्करात मिळालं होतं, ते १८९२-९३ च्या सुमाराला भरती बंद करून पुन्हा काढलं. हत्यार कुणाच्या हातात असावं हे ह्या देशात कधी शौर्यावर ठरलं नाही.

पण खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, तेव्हा बंदूक लागली? काठ्या होत्या, साखळ्या होत्या, कुऱ्हाडी होत्या. आणि गाव होतं. अख्ख्या गावापुढं एका घरातली एक बंदूक किती वेळ टिकली असती? बिहारात उलट. १ डिसेंबर १९९७, लक्ष्मणपूर बाथे : रणवीर सेनेनं एका रात्रीत ५८ माणसं मारली, बाया-पोरं धरून. तिथं बंदुका होत्या, जमीनदारांच्या. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयानं सगळे २६ आरोपी सोडले. मधल्या काळात, १९९९ मध्ये, दुसऱ्या बाजूच्या बंदुकवाल्यांनी सेनारीत ३४ भूमिहार मारले. त्यानं बाथेला न्याय मिळाला का? जमीन मिळाली का?

कुणी म्हणेल, मग मार खायचा? नाही. अंगावर आलेल्याला परतवायचा हक्क कायद्यात होता, पूर्वी दंडसंहितेची कलमं ९६ ते १०६, आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेची ३४ ते ४४. तो हक्क सोडा असं मी म्हणणार नाही. पण एक नियम आहे, जो आपल्यातल्या शंभरातल्या नव्वदांनी वाचलेला नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. नियम ३. जिथं अत्याचार झालेत किंवा व्हायची भीती आहे असं क्षेत्र शासनानं ठरवायचं. मग तिथं काय काय करता येतं? गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या बाहेरच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचेसुद्धा हत्यारांचे परवाने रद्द करायचे आणि हत्यारं सरकारी कोठारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि मग, गरज वाटल्यास, आपल्या माणसांना परवाने द्यायचे.

क्रम बघा! आधी त्यांची काढा, मग आमची द्या. अमेरिकेत दीडशे वर्षांत असा कायदा झाला नाही. मिसिसिपीत १८६५ ला जे काळ्यांच्या बाबतीत केलं ते आपल्या कायद्यात उलटं करून ठेवलंय, आणि ते कागदावर झोपलंय. आपण लोकलच्या दारात शेवटचं कलम मागतो, 'आम्हाला बंदूक द्या', आणि पहिलं मागतच नाही. आम्हाला बंदूक मिळाली तर दुसऱ्या दिवशी पाटलाची पोरं चार घेतील. पाटलाच्या भिंतीवरची खाली उतरली तर रात्री मजुराला झोप लागेल.

म्हणून माझी सूचना अशी. ज्या ज्या गावात मागच्या दहा वर्षांत अत्याचाराचा गुन्हा नोंदला, त्या गावात परवान्याची किती हत्यारं आहेत आणि कुणाकडं, हे माहितीच्या अधिकारात विचारायचं. नावं दिली नाहीत तर आकडा तरी घ्यायचा. ते क्षेत्र नियम ३ खाली घ्या म्हणून जिल्हाधिकाऱ्याकडं लेखी मागणी, पोच घेऊन. उत्तर नाही आलं तर वरचं दार. ज्यांची गावाकडं घरं आहेत त्यांनी आपापला तालुका वाटून घ्यावा. मी माझा घेतलाय, परवा पाळी नाही, तेव्हा जाणार आहे. नियम ३ च्या चाळीस झेरॉक्स काढून आणल्यात, मागच्या बाकावर आहेत, जाताना घ्या. आता प्रश्न विचारा.